छोट्या ग्रुपची नॉर्दर्न लाइट्स टूर घ्यावी का, की ट्रोम्सोत स्वतः गाडी घेऊन फिरावं?

तुम्ही लिहिलंय की फेब्रुवारीत नॉर्वेतल्या ट्रोम्सोला चार रात्री आहात, बरोबर बासष्ट वर्षांच्या सासूबाई आहेत आणि आठ-दहा जणांच्या टूरचे पैसे मोठ्या बसच्या जवळजवळ दुप्पट पडतात. तेवढे पैसे मोजावेत का, की गाडी भाड्याने घेऊन आपलं आपण जावं, असा तुमचा प्रश्न आहे.

मी 2024 च्या फेब्रुवारीत आईला घेऊन गेलो होतो. आई तेव्हा सदुसष्टची. एका रात्री मोठ्या बसने गेलो, दुसऱ्या रात्री छोट्या गाडीने. त्या अनुभवावरून सांगतो: छोटी टूर घ्या, आणि शेवटच्या रात्रीसाठी राखून ठेवू नका, पहिल्या किंवा दुसऱ्या रात्रीच घ्या. गाडी स्वतः चालवायचा विचार सोडून द्या.

आधी एक गोष्ट समजून घेतली की बाकीचं आपोआप कळतं. ट्रोम्सो उत्तर ध्रुववृत्ताच्याही साडेतीनशे किलोमीटर वर आहे. पृथ्वीच्या चुंबकीय ध्रुवाभोवती अरोराचं, म्हणजे नॉर्दर्न लाइट्सच्या प्रकाशाचं, जे कडं असतं, ते बहुतेक रात्री या शहराच्या जवळपास डोक्यावरूनच जातं. त्यामुळे पुण्या-मुंबईत बसून ॲपवरचा केपी आकडा (पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रात किती खळबळ आहे ते सांगणारा) बघत काळजी करण्यात अर्थ नाही. 0 ते 9 च्या त्या मोजपट्टीवर 2 असला तरी तिथे सुंदर दिसू शकतं. आम्हाला दिसलं त्या रात्री आकडा 2 आणि 3 च्या मध्ये होता. अरोरा शंभर किलोमीटर आणि त्याहून वर असतो, ढग मात्र खालच्या आठ-दहा किलोमीटरमध्येच. खरी अडचण ढगांची आहे. अरोरा बहुतेक रात्री असतोच, तो झाकलेला असतो.

ट्रोम्सो समुद्रावरचं गाव. अटलांटिकमधून वर येणाऱ्या कोमट प्रवाहामुळे तिथलं बंदर हिवाळ्यातही गोठत नाही आणि शहरात थंडी बऱ्याचदा उणे चार-पाचच्या आसपास असते. पण त्याच समुद्रामुळे ढगही भरपूर येतात. पूर्वेला ल्युंगेनचे डोंगर आहेत, अठराशे मीटरपर्यंत उंच. समुद्रावरून आलेले ढग तिथे अडतात, बर्फ टाकून मोकळे होतात, आणि डोंगरापलीकडचा शिबोटनचा भाग कोरडा राहतो. महाबळेश्वरला धो धो पाऊस आणि फलटणला आभाळ कोरडं, हे आपण लहानपणापासून पाहिलंय. तीच पर्जन्यछाया तिथे आहे. शिबोटनच्याही पुढे गेलं की फिनलंडची हद्द लागते आणि किल्पिसयार्वी नावाचं छोटं गाव येतं. ट्रोम्सोपासून साधारण 160 किलोमीटर, अडीच तास. किनाऱ्यावर सगळं झाकलेलं असताना तिथे चांदणं असू शकतं. कधी उलटंही होतं. पूर्वेला ढग आणि पश्चिमेला क्वालोया बेटावर आभाळ मोकळं. कुठल्या रात्री कुठल्या दिशेला जायचं, हे ठरवण्याचेच पैसे तुम्ही गाइडला देता.

आमची पहिली रात्र मोठ्या बसची होती. पंचेचाळीस माणसं. बुकिंग करताना "आम्ही अरोराच्या मागे जातो" असं सांगितलं होतं, प्रत्यक्षात बस चाळीस मिनिटांवरच्या त्यांच्या ठरलेल्या तळावर गेली आणि तिथेच थांबली. तिथल्या मूळच्या सामी लोकांच्या पद्धतीचा मोठा तंबू, मध्ये शेकोटी, गरम चॉकलेट. आत ऊब होती, माणसं चांगली होती. वर मात्र गच्च ढग. तीन तास आम्ही आळीपाळीने बाहेर जाऊन वर बघून येत होतो. परत येताना आई म्हणाली, "ते पुढे का नाही गेले?" मलाही तोच प्रश्न पडला होता. एवढी मोठी बस बर्फातल्या अरुंद फाट्यावर वळवता येत नाही, पंचेचाळीस लोकांना रात्री दोनपर्यंत फिरवता येत नाही, हे कारण मला पटतं. पण मग ते आधी स्पष्ट सांगायला हवं होतं. दूर मुलुखातून माणूस आयुष्यात एकदा येतो, त्याला हे कळायचा हक्क आहे.

दुसऱ्या रात्री आठ जणांची गाडी. गाइड तिशीतली एक मुलगी, तीच गाडी चालवणारी. संध्याकाळी सहाला हॉटेलच्या दारात आली आणि आधी सगळ्यांच्या पायांकडे बघितलं. आईचे बूट बघून मान हलवली आणि गाडीच्या मागून जाड तळाचे, गुडघ्याखालपर्यंतचे लोकरी बूट काढून स्वतः घालून दिले. मग फोनवर उपग्रहाचं ढगांचं चित्र दाखवलं. पश्चिमेला आत्ता मोकळं आहे पण नऊपर्यंत भरून येईल, पूर्वेला उशिरा उघडेल. म्हणून आपण पूर्वेला जाऊ, लांब जावं लागेल. आणि विचारलं, "पासपोर्ट सगळ्यांकडे आहेत ना?"

हे लक्षात ठेवा, पासपोर्ट खिशातच हवा. नॉर्वे आणि फिनलंड दोन्ही शेंगेनमध्ये असल्याने एकाच व्हिसावर काम होतं, सीमेवर बहुधा कोणी थांबवत नाही, पण तुम्ही देश ओलांडत असता.

शिबोटनला पोचलो तेव्हा अर्धं आभाळ मोकळं होतं. मी असतो तर तिथेच थांबलो असतो. तिने गाडी बंद केली, दिवे बंद केले, खाली उतरून दोन मिनिटं नुसती उभी राहिली आणि म्हणाली, पुढे. किल्पिसयार्वीला उतरलो तेव्हा उणे 24 होतं. नाकातले केस गोठल्याचं कळतं अशी थंडी. पण चांदण्या! ध्रुवतारा आपल्याकडे उत्तरेला बराच खाली असतो, तिथे तो जवळजवळ डोक्यावर होता. आई कितीतरी वेळ मान वर करून तोच बघत होती.

साडेनऊच्या सुमारास उत्तरेला एक फिकट राखाडी पट्टा आला. आई म्हणाली, "ढग आला वाटतं." गाइडने मला फोन तिकडे धरायला सांगितलं. तीन सेकंदांच्या फोटोत तो पट्टा हिरवागार आला. सासूबाईंना हे आधीच सांगून ठेवा, नाहीतर अरोरा समोर असूनही लोक "अजून आला नाही" म्हणत गाडीत जाऊन बसतात. मंद उजेडात आपल्या डोळ्यांतल्या ज्या पेशी काम करतात त्यांना रंग कळत नाही. अरोरा फिका असेल तर तो राखाडीच दिसतो, नीट तेजाळला की हिरवा दिसू लागतो. हा हिरवा रंग शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवरच्या ऑक्सिजनचा. त्याहून बऱ्याच वर, विरळ हवेत, तोच ऑक्सिजन लाल प्रकाश देतो. मे 2024 च्या मोठ्या सौर वादळात लडाखच्या हानले वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी जी लाली टिपली ती त्या वरच्या थराची. इतक्या दुरून क्षितिजावर फक्त वरचा शेंडाच दिसतो. "मग लडाखलाच जाऊ ना" असं घरात कोणी म्हणालं तर हे सांगा. तेवढं मोठं वादळ अनेक वर्षांतून एखादंच येतं.

सूर्यावरून सुटलेले विद्युतभारित कण पृथ्वीच्या चुंबकीय क्षेत्रामुळे ध्रुवांकडे वळतात, ही गोष्ट क्रिस्तियान बिर्केलँड नावाच्या नॉर्वेजियन शास्त्रज्ञाने शंभरेक वर्षांपूर्वी प्रयोगशाळेत निर्वात पेटीत चुंबकीय गोळा ठेवून दाखवली होती. गाइडने हे शेकोटीपाशी सूप ढवळता ढवळता सांगितलं. आठच माणसं असल्याने प्रत्येकाला विचारता आलं. पंचेचाळीस जणांत हे होत नाही.

आता गाडी भाड्याने घेण्याबद्दल. रस्त्यावर पारदर्शक बर्फाचा थर असतो, दिसतो ओला डांबरी रस्ता आणि असतं ते काचेसारखं. टायरना खिळे असले तरी त्यावर चालवायची सवय लागते. मूस आणि रेनडिअर अंधारातून रस्त्यावर येतात. थांबायला जागा कमी. वर उजेड दिसला म्हणून रस्त्यातच गाडी उभी करणारे पर्यटक आम्ही स्वतः पाहिले, मागून ट्रक येत असताना. आणि जो चालवतो त्याला वर बघता येत नाही. जाऊन-येऊन 320 किलोमीटर, रात्री दीडला परत, बरोबर वडीलधारं माणूस. आपल्या घाटात वीस वर्षं गाडी चालवलेला माणूसही इथे नवखाच असतो.

पैशांचं म्हणाल तर आम्ही छोट्या टूरला माणशी 1900 क्रोनरच्या आसपास दिले, तेव्हा साधारण पंधरा हजार रुपये. मोठ्या बसचे अर्धे. रक्कम मोठी आहे, मी हलक्याने घेत नाही. पण दोन स्वस्त रात्रींपेक्षा एक चांगली रात्र घ्या आणि उरलेल्या रात्री आभाळ मोकळं असेल तर शहरातच दिव्यांपासून दूर, तळ्याकाठी वगैरे जाऊन बघा. पहिल्या दोन रात्रींत टूर घ्या म्हणालो ते याचसाठी: हवामान वाईट म्हणून रद्द झाली तर पुढच्या रात्री हाताशी राहतात.

बुक करण्याआधी ईमेल करून विचारा, आणि उत्तर कसं येतं ते बघा. गाडीत जास्तीत जास्त किती माणसं? गरज पडली तर फिनलंडपर्यंत जाता का, की अंतराची मर्यादा आहे? अंदाज अगदीच वाईट असेल तर आधी रद्द करून पैसे परत देता का? (गेलो आणि दिसलं नाही तर पैसे परत मिळत नाहीत, हे बहुतेक ठिकाणी आहे आणि मला ते योग्य वाटतं, डिझेल आणि रात्र तर खर्च झालेलीच असते.) थंडीचा सूट आणि बूट किमतीत आहेत का? शाकाहारी जेवण मिळेल का? तिथे सूप बहुधा माशाचं किंवा रेनडिअरचं असतं, आधी सांगितलं तर भाजीचं देतात. आणि एक प्रश्न न लाजता विचारा: प्रवासी वाहतुकीचा परवाना आहे ना? नॉर्वेत पैसे घेऊन माणसं न्यायला परवाना लागतो. शहरात तो नसलेले, स्वस्तात नेणारे लोकही भेटतात. त्यांच्या गाडीत अपघात झाला तर विम्याचं काय होईल, याचा विचार करा.

सासूबाईंसाठी खास. रस्त्यात स्वच्छतागृह म्हणजे पेट्रोल पंप, त्यानंतर काही नाही. पंपावर गाडी थांबली की गरज नसली तरी जाऊन या. सुती बनियन आणि सुती मोजे नकोत, घाम धरतात आणि मग अंग गार पडतं. अंगालगत लोकर, वर फ्लीस, त्यावर त्यांचा सूट. मोज्यांचे दोन जोड चढवून बूट घट्ट झाला तर पाय आणखी गारठतो, बूट सैल हवा. बोटं एकत्र राहतील असे हातमोजे पाच बोटांच्या मोज्यांपेक्षा उबदार. चष्मा असेल तर तोंडावर गुंडाळलेला स्कार्फ जरा खाली ठेवा, वाफेने काच गोठते. शहरातल्या फुटपाथसाठी बुटांना लावायचे खिळ्यांचे पट्टे ट्रोम्सोतच विकत घ्या. आईला सगळ्यात जास्त उपयोग त्यांचाच झाला. छोट्या टूरमध्ये गाडी वीस पावलांवर असते, थंडी वाजली की आत बसता येतं. हे फार महत्त्वाचं आहे. फोन आतल्या खिशात अंगालगत ठेवा, थंडीत बॅटरी अर्ध्या तासातही संपू शकते. कॅमेरा असेल तर तिपाई लागेलच, आणि परतताना तो पिशवीत बंद करूनच उबेत न्या, नाहीतर आतपर्यंत दव धरतं.

आमच्या रात्री आईही साडेदहाला गाडीत जाऊन बसली होती. दहा मिनिटांनी गाइडने काचेवर टकटक केली. बाहेर आलो तर तो राखाडी पट्टा हिरवा होऊन डोक्यावर आला होता आणि हलत होता, वाऱ्यावर धुतलेलं पातळ हलावं तसा, खालच्या काठाला गुलाबी. पाच-सात मिनिटं चाललं असेल. मी दोन फोटो काढले आणि फोन ठेवून दिला. आई गाइडचा हात धरून उभी होती. दोघींना एकमेकींची भाषा येत नव्हती. सगळं फिकं झाल्यावर आईने मला विचारलं, "एवढं मोठं हलत होतं, आवाज कसा नाही?" मी ते गाइडला इंग्रजीत सांगितलं. ती म्हणाली, मला अकरा वर्षं झाली हे काम करून, मी अजून दर वेळी कान देते.