सी ड्राइव्ह लाल झालाय, जेमतेम ४ जीबी उरलेत. जुनं काय काय उडवू?

प्रश्नातल्या 'जुनं' या शब्दाला अडखळलो, नाहीतर असल्या प्रश्नांना मी उत्तर देत बसत नाही. जुनं उडवू नका. आधी मोठं काय आहे ते शोधा, आणि त्यातलं जे मशीन स्वतः पुन्हा तयार करू शकतं तेवढंच उडवा.

माझं बार्शीला डीटीपी आणि फ्लेक्सचं दुकान आहे. पत्रिका, वाढदिवसाचे बोर्ड, श्रद्धांजल्या. मशीनला सी ड्राइव्ह म्हणून २४० जीबीची एसएसडी, म्हणजे न फिरणारी चिपवाली डिस्क (विंडोज ती २२३ दाखवतं, कुणी चोरलेली नसते, डिस्क बनवणारे हजाराने मोजतात आणि विंडोज १०२४ ने) आणि जोडीला डी ड्राइव्ह म्हणून १ टीबीची साधी हार्ड डिस्क. गिऱ्हाईक खुर्चीला खुर्ची लावून बसलेलं असलं की फाइल कुठे सेव्ह होते? डेस्कटॉपवर. आणि डेस्कटॉप म्हणजे सी ड्राइव्हच.

२०२१ च्या दिवाळीत आमचे साडू आले. हिंजवडीला आयटीत असतात. फराळ करून दुकानात डोकावले, तेव्हा फोटोशॉप 'स्क्रॅच डिस्क फुल' (काम करताना लागणारी तात्पुरती जागा संपली) म्हणून अडून बसलं होतं. "सरका भाऊ, दहा मिनिटांचं काम आहे," म्हणाले. साडूंना नाही कसं म्हणणार? सरकलो. त्यांनी डेस्कटॉपवरचं सगळं तारखेनं लावलं, "सहा महिन्यांत हात लागला नाही ती फाइल मेली," म्हणत वरपासून खालपर्यंत सिलेक्ट केलं आणि शिफ्ट-डिलीट मारलं. रिसायकल बिनमध्ये टाकलं तर जागा सुटत नाही म्हणे. (हे मात्र खरं आहे.) ३८ जीबी मोकळे झाले. जाता जाता फॉन्टही काढले. "पाचशे फॉन्ट कशाला, एक युनिकोड पुरे." त्या पाचशे फॉन्टांचं वजन मिळून ५० एमबीसुद्धा नव्हतं! दुसऱ्या दिवशी लग्नपत्रिका उघडली तर 'श्री गणेशाय नमः'च्या जागी टोप्या-ठिपके घातलेली इंग्रजी अक्षरं. श्रीलिपी या मराठी टायपिंगच्या सॉफ्टवेअरमधलं जुनं मॅटर फॉन्ट गेला की असंच दिसतं. सीडी आणि डोंगल (सॉफ्टवेअरची चावी) शोधून फॉन्ट परत घातले, तो विषय तिथे मिटला.

फायलींचा मिटला नाही.

त्या वर्षीचा एप्रिल आठवा, कोरोनाची दुसरी लाट. दुकानाचं शटर बंद, मशीन मी घरी आणलेलं, आणि रोज व्हॉट्सअ‍ॅपवर फोटो यायचे, 'श्रद्धांजली करून द्या'. कुणाचा आधार कार्डावरचा, कुणाचा भाच्याच्या लग्नातल्या ग्रुपमधला. चेहरा कापायचा, मागचा मंडप घालवायचा, कोट चढवायचा, टोपी सरळ करायची. एकेकाला दोन-दोन तास जायचे. बऱ्याच जणांकडून पैसे घेतले नाहीत. दिवाळीपर्यंत या फायलींना सहा महिने उलटून गेले होते.

पुढच्या चैत्रात तेच लोक प्रथम पुण्यस्मरणाला आले. आमच्या धंद्यात हे पाच मिनिटांचं काम. गेल्या वर्षीची फाइल उघडायची, 'भावपूर्ण श्रद्धांजली' काढायचं, 'प्रथम पुण्यस्मरण' टाकायचं, तिथी बदलायची. त्याच्या पुढच्या वर्षी 'प्रथम'चं 'द्वितीय'. म्हणजे वर्षभर जिच्याकडे कुणी ढुंकून बघत नाही आणि वर्ष भरलं की जिच्यावाचून अडतं, अशी ही फाइल. साडूंच्या हिशेबात ती मेलेली.

वैरागकडच्या एक मावशी आल्या. "तुमच्याकडं हाय की मालकांचा फोटू, टोपीवाला." मूळ फोटो ज्या मोबाइलमध्ये होता तो पोराच्या हातून विहिरीत पडलेला. मी रिकव्हरीची दोन सॉफ्टवेअरं चालवून बघितली. एसएसडीवर डिलीट झालं की विंडोज डिस्कला कळवतं की हे ब्लॉक रिकामे झाले, आणि डिस्क ते तिच्या सवडीनं खरोखरच पुसून टाकते. याला ट्रिम म्हणतात. फिरत्या हार्ड डिस्कवर निदान आशा तरी असायची. शेवटी त्यांच्या नातेवाइकांच्या ग्रुपवरून फिरत फिरत आलेली इमेज मिळाली. छोट्या कार्डाला चालली, चार बाय सहाच्या फ्लेक्सला फोटो फुटला. "लांबनं बघितल्यावर दिसतंय की," मावशी म्हणाल्या. त्यांचेही पैसे घेतले नाहीत.

त्या रात्री विझट्री (कुठल्या फोल्डरनं किती जागा खाल्ली ते दाखवणारं सॉफ्टवेअर) टाकून डिस्क मोजली. टेम्प फोल्डरमध्ये ६१ जीबी! सगळ्या फोटोशॉपच्या तात्पुरत्या फायली. लाइट गेली आणि फोटोशॉप मध्येच मेलं की त्या तिथेच पडून राहतात, आणि आमच्याकडे लाइट जायला निमित्त लागत नाही. तारखा बघितल्या तर निम्म्याहून जास्त फायली त्या दिवाळीच्या आधीच्या. म्हणजे साडू मावशींचे मालक उडवत होते तेव्हा खरा कचरा शेजारच्या खोलीत पाय पसरून झोपलेला होता.

तर तुम्ही आधी विझट्री किंवा तसंच विनडिरस्टॅट चालवा. काय फुगलंय ते रंगीत चौकोनांत दिसतं. टेम्प बिनधास्त रिकामं करा, जी फाइल वापरात असेल ती विंडोज स्वतःच उडवू देत नाही. सेटिंग्जमध्ये सिस्टिम, मग स्टोरेज, तिथे 'टेम्पररी फाइल्स'. पण त्या यादीत 'डाउनलोड्स'ही असतं, त्यावर टिक नको. विंडोजचं मोठं अपडेट नुकतंच झालं असेल तर जुनं विंडोज एका फोल्डरमध्ये ठेवलेलं असतं. ते १० दिवसांनी आपोआप जातं. घाई असेल तर याच यादीतून काढा. हायबरनेटची (चालू काम डिस्कवर ठेवून मशीन बंद करण्याची) फाइल रॅमच्या साधारण ४० टक्के असते, १६ जीबी रॅम असेल तर ६ जीबीच्या वर. हायबरनेट वापरत नसाल तर बंद करा. कोरलड्रॉ वापरणारे असाल तर 'बॅकअप ऑफ' नावानं सुरू होणाऱ्या फायली शोधा, फक्त मूळ फाइल उघडतेय ना ते आधी बघा. फोटोशॉपची स्क्रॅच डिस्क डीवर न्या. डेस्कटॉप फोल्डरच्या प्रॉपर्टीजमध्ये लोकेशनचा टॅब असतो, तिथून अख्खा डेस्कटॉपच डीवर हलवता येतो. मी हलवलाय.

विंडोजचे स्वतःचे भाग ठेवणाऱ्या विनएसएक्सएस नावाच्या फोल्डरला हात लावू नका. दिसतो तेवढा तो मोठा नसतो, एकच फाइल दोन ठिकाणी मोजली जाते. पेजफाइललाही नको, रॅम कमी पडली की विंडोज ती वापरतं.

साडू म्हणतात क्लाउडवर टाका. एका बोर्डाची टिफ फाइल ४०० एमबी, सीझनला दिवसाला पंधरा बोर्ड. हिंजवडीत बसून म्हणायला सोपं आहे.

हो, हे आधीच सांगायला हवं होतं: काहीही करण्यापूर्वी बाहेरच्या डिस्कवर एक कॉपी घ्या. त्याच मशीनमधला डी ड्राइव्ह म्हणजे बॅकअप नव्हे. हायबरनेट बंद केलं की फास्ट स्टार्टअपही जातं, मशीन चालू व्हायला थोडा जास्त वेळ घेईल. आणि वनड्राइव्ह (मायक्रोसॉफ्टचं क्लाउड) सिंक चालू असेल तर लॅपटॉपवरून डिलीट केलेलं तिथूनही जातं. अशा फाइलवर राइट क्लिक करून 'फ्री अप स्पेस' करायचं, डिलीट नाही.

२०२४ मध्ये साडूंच्या लग्नाला २५ वर्षं झाली. हॉलमध्ये लावायला त्यांना मूळ पत्रिका हवी होती. ती मीच केलेली, पेजमेकर या जुन्या सॉफ्टवेअरमध्ये. मधे तीन मशीन बदलली, फाइल प्रत्येक वेळी सोबत आली, आणि डीवर होती म्हणून त्यांच्याच हातून वाचली होती. उघडायला जुना पीसी चालू करावा लागला. प्रिंट दिली, लॅमिनेशनही करून दिलं. फाइलला शेवटचा हात कधी लागला होता ती तारीख मात्र सगळ्यांसमोर वाचून दाखवली.