‘तू आमच्या सोसायटीतला नाहीस’

प्रश्न : आम्ही कोथरूडमधील एका सोसायटीत राहतो. माझा मुलगा नऊ वर्षांचा असून चौथीत शिकतो. आमच्या वॉचमनचे कुटुंब उन्हाळ्यात गावाहून येथे राहायला आले. त्यांचा मुलगाही साधारण याच वयाचा आहे. मागच्या महिन्यात खेळताना माझ्या मुलाने त्याच्या हातातून बॅट हिसकावून घेतली आणि ‘तू आमच्या सोसायटीतला नाहीस, तुला बॅटिंग नाही’ असे सर्वांदेखत सुनावले. मी त्याला दोन फटके दिले आणि खाली नेऊन ‘सॉरी’ म्हणायला लावले. तेव्हापासून तो मुलगा दिसला, की हा खेळायलाच उतरत नाही. आमच्या घरी कोणी कोणाशी वाईट वागत नाही. कामाच्या मावशींचा कप तेवढा सासूबाईंनी खिडकीत वेगळा ठेवला आहे, पण ती जुनी सवय आहे. मुलाला संस्कार वर्गाला घालावे का?
— एक आई, पुणे

उत्तर : ताई, कपाबद्दलचे वाक्य तुम्ही जाता जाता लिहिले आहे, पण मला सुरुवात तेथूनच करावीशी वाटते. तो कप तुमचा मुलगा कळायला लागल्यापासून पाहत असणार. अशा घरांत बहुधा दिसते ते असे : भांडी घासून झाली, की मावशी स्वतःच तो कप उचलतात, वरून ओतलेला चहा उभ्याउभ्या पितात आणि कप विसळून पुन्हा खिडकीत पालथा घालतात. यात कोणी कोणाला वावगे बोलत नाही. तरीही काही माणसे आपली आणि काही बाहेरची, ही विभागणी मुलाच्या मनात पक्की होते. मैदानावर त्याने तीच बोलून दाखवली, एवढेच. त्याला दुष्ट समजू नका.

शाळेत तो ‘प्रत्येकाशी सौजन्याने वागेन’ ही प्रतिज्ञा म्हणतो आणि पाठ्यपुस्तकाच्या सुरुवातीच्या पानांवर ती छापलेलीही असते. संस्कार वर्गात त्यात श्लोकांची आणि गोष्टींची भर पडेल. त्याला माझा विरोध नाही. पण जे त्याला आधीच तोंडपाठ आहे, ते आणखी एकदा पाठ करून हा प्रश्न सुटणार नाही. त्याला कमी पडते आहे ती वाद झाल्यावर तो निस्तरण्याची सवय, आणि ती मैदानावरच लागते.

फटक्यांविषयीही स्पष्ट लिहितो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळेत मुलांना मारण्यास मनाई केली आहे. घरातही हाच दंडक असावा, असे माझे ठाम मत आहे. ज्याच्या अंगात बळ जास्त त्याने बॅट ओढून घ्यावी, असे तुमच्या मुलाला वाटले. फटके मिळाल्यावर त्याची ती समजूत दृढच झाली असणार. बळजबरीने म्हणवलेल्या ‘सॉरी’ने तर त्याच्या वाट्याला फक्त अपमान आला, आणि म्हणूनच आता तो त्या मुलाचे तोंड चुकवतो आहे.

स्विस मानसशास्त्रज्ञ ज्याँ पियाजे यांनी गोट्या खेळणाऱ्या मुलांचे बारकाईने निरीक्षण केले आणि त्यावरील विवेचन १९३२ साली प्रसिद्ध केले. लहान मुले नियमांना मोठ्यांनी घालून दिलेली अढळ गोष्ट मानतात. पुढे बरोबरीच्या मुलांशी खेळता-भांडता नियम हा सर्वांनी मिळून केलेला करार असतो आणि तो संमतीने बदलता येतो, हे त्यांच्या लक्षात येऊ लागते, असे त्यांना आढळले. तुमचा मुलगा याच उंबरठ्यावर आहे. त्याला जवळ बसवून त्या दिवशी नेमके काय झाले ते मध्ये न बोलता ऐका आणि मग ‘आता त्याला काय वाटत असेल?’ एवढाच प्रश्न विचारा. त्यानंतर मुलांनाच नियम ठरवू द्या : बॅटिंगचा क्रम चिठ्ठ्या टाकून लावायचा, की षटके वाटून घ्यायची, हे त्यांचे त्यांना उत्तम जमते. वॉचमनच्या मुलाला मात्र दया म्हणून नव्हे, तर इतरांइतक्याच हक्काने खेळायला मिळाले पाहिजे. सोसायटीत कर्मचाऱ्यांच्या मुलांना खेळायला बंदी घालणारा एखादा लेखी-अलेखी नियम असेल, तर तुम्ही सर्वसाधारण सभेत उभे राहून त्याला विरोध करा. आई आपल्यासारख्याच मोठ्या माणसांपुढे हे बोलली, हे मुलाला कळले तर त्याचा परिणाम कोणत्याही वर्गापेक्षा खोल होईल.

राहिला कप. सासूबाईंशी मुलासमोर वाद घालू नका. शक्य झाल्यास एखाद्या रविवारी आजी आणि नातू या दोघांना घेऊन महात्मा फुले पेठेतील फुले वाड्यात जाऊन या. ज्यांना सार्वजनिक पाणवठ्यावर पाणी भरू दिले जात नव्हते, त्यांच्यासाठी जोतीरावांनी १८६८ साली आपल्या घरचा पाण्याचा हौद खुला केला. आपल्याच शहरात, कोथरूडपासून काही किलोमीटरवर हे घडले, हे त्या जागी उभे राहून सांगितले तर आजींनाही ते टोचून बोलल्यासारखे वाटणार नाही. घरी मात्र उद्यापासूनच सर्वांच्या कपांतल्या एका कपात मावशींना चहा द्या आणि तुम्हीही त्यांच्यासोबत बसून घ्या. आधी मावशींना मात्र एकट्यात विचारा. इतक्या वर्षांनी एकदम खुर्चीवर बसायला त्यांना अवघडल्यासारखे होऊ शकते, आणि मुलाला धडा देण्याच्या नादात त्यांचा संकोच सर्वांसमोर मांडला जाऊ नये.