टिंगल होते म्हणून मुलाची बोली बदलायची?

"आठवीतला मुलगा शाळेच्या वेळेला पोट धरून बसतो. वर्गात त्याला 'कायानिया' म्हणतात. शाळेत जाऊन भांडू, की त्यालाच सहन करायला शिकवू?" अकोल्याहून बदली होऊन पुण्यात आलेल्या आईवडिलांचा हा प्रश्न. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) वऱ्हाडीत 'ळ'चा 'य' होतो. मुलानं उभं राहून वाचताना 'काळा-निळा'चं 'काया-निया' केलं आणि नाव चिकटलं.

लक्ष देऊ नकोस, हा आईचा सल्ला. एकटादुकटा चिडवत असेल तर तो चालतोही. पण खिल्ली उडवणाऱ्याला हसणारे लागतात, आणि मुलगा गप्प राहिला तरी ते हसतातच. वडिलांनी 'शुद्ध' बोलण्याची शिकवणी लावली. म्हणजे चिडवणाऱ्यांचंच बरोबर, असा शिक्का घरूनच बसला! ती आधी बंद करायला सांगितली.

मग दोन आठवडे वहीत चार रकाने: तास कोणता, शब्द काय, कोण हसलं, मोठ्यांनी काय केलं. चौथ्या रकान्यात मेख सापडली. बहुतेक नोंदी प्रकटवाचनाच्या तासाच्या होत्या, आणि दोनदा बाईंनीच त्याच्या उच्चाराची नक्कल केली होती. त्यांच्या मनात खोट नसेलही, पण वर्गाला मुभा मिळाली.

म्हणून भेट बाईंची, शाळा सुटल्यावर, वही घेऊन. मागण्या दोनच: नक्कल थांबवा, आणि काही दिवस वाचन जोडीनं घ्या. मुलाचं नाव घेऊन वर्गाला झापू नका, हेही सांगायचं; नाहीतर 'चुगलखोर' हे दुसरं नाव पडतं. दाद लागली नाही तर मुख्याध्यापकांना लेखी अर्ज. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ नुसार शाळेत मुलाचा मानसिक छळ करायला मनाई आहे.

मुलासाठी एकच वाक्य ठरवलं: "हो, आमच्याकडे असंच म्हणतात." सपाट आवाजात म्हणायचं आणि लगेच पुढची ओळ वाचायची. घरी उभं राहून सराव केला. मुलं इथं एक चूक करतात, शेवटी ओशाळं हसतात. समोरच्याला ती संमती वाटते.

पोटदुखी आधी थांबली. नाव मात्र दोघं जण अजून घेतात.

झोप किंवा जेवण दोन आठवड्यांहून जास्त बिघडलं, तर मानसोपचारतज्ज्ञांना दाखवा. "जगायचं नाही" असं मूल म्हणालं, तर त्याच दिवशी. टेलिमानस या सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा १४४१६ हा क्रमांक मोफत आणि चोवीस तास सुरू असतो.