डॉक्टरकडे दुभाषा म्हणून कोणाला नेणार, हे आधी ठरवा

तुम्ही गणित शिकवता तो 15 वर्षांचा अफगाण मुलगा रात्री झोपत नाही, वर्गात डुलक्या घेतो, शिक्षकांवर खेकसतो आणि शाळा त्याला ‘बेशिस्त’ म्हणते. तुमची पोस्ट वाचताना प्रत्येक ओळ ओळखीची वाटली. मी जर्मनीत अशा मुलांसोबत स्वयंसेवक म्हणून काम करते. डॉक्टर नाही, त्यामुळे निदान बालमनोविकारतज्ज्ञांनीच करायचं. शाळेशी बोलणं, वेळ घेणं वगैरे तुम्हाला ठाऊक असेलच.

कळकळीने सांगते, दुभाषा म्हणून त्याच्या बहिणीला नेऊ नका. ती जर्मन फाडफाड बोलते म्हणून मोह होतो. आमच्याकडून हीच चूक झाली आणि सगळ्यांत महागात पडली. वाईट स्वप्नं, वाटेत खाल्लेला मार, मरून जावंसं वाटणं, यातलं अवाक्षरही मुलगा बहिणीसमोर काढत नाही. जे बोलतो त्यातलंही ती आईवडिलांच्या धास्तीने गाळते. मग डॉक्टरांच्या कागदावर ‘झोपेची तक्रार’ एवढंच उतरतं आणि त्या कागदाच्या जोरावर थेरपी मंजूर होत नाही. त्याच निवाऱ्यात राहणारे ओळखीचे काकाही नकोत. घरी कोणती अफगाण भाषा बोलतात, दारी की पश्तो, तेही विचारून घ्या, नाहीतर भेट फुकट जाते.

आश्रयाचा निर्णय व्हायचा असेल तर उपचार आश्रयार्थी लाभ कायद्याखाली येतात. 2024 पासून हा कायदा उपचारांना पहिले 36 महिने लागू असतो (नियम बदलतात, राज्यागणिक पद्धतही वेगळी, चालू मजकूर बघाच). कलम 4 तीव्र आजार आणि वेदनांसाठी आहे. थेरपीसाठी कलम 6 चा आधार घ्या, त्यात मुलांच्या विशेष गरजा स्पष्ट लिहिल्या आहेत. थेरपी आणि दुभाषा एकाच अर्जात मागा, पण दोन वेगळ्या ओळींत, तासांच्या आकड्यासह. आमच्या अर्जात दुभाष्याची ओळच नव्हती. कार्यालयात कोणी ते सांगितलं नाही, महिने गेले आणि शेवटी खिडकीवरून तोंडी उत्तर आलं, ‘होणार नाही’. अजूनही संताप येतो. मूल रात्र रात्र जागतंय आणि समोरचा माणूस एक ओळ लिहायला सांगत नाही! तोंडी नकार घेऊन परतू नका, लेखी निर्णय मागा. त्यावर एका महिन्यात विडरश्प्रुख, म्हणजे लेखी हरकत, देता येते. हरकतीच्या हक्काची सूचना कागदावर नसेल तर वर्षभर मुदत मिळते.

आणखी एक खाच. आश्रय मंजूर झाला की कुटुंब नेहमीच्या आरोग्य विम्यात जातं. तो थेरपीचे पैसे देतो, दुभाष्याचे नाही. म्हणजे मंजुरीच्या पत्रानंतरच थेरपी अडू शकते. म्हणून निर्वासितांसाठीच्या मनोसामाजिक केंद्राच्या प्रतीक्षायादीत आजच नाव घाला, तिथे दुभाष्यांसोबत काम करायची सवय असते. मरणाची भाषा ऐकलीत तर मात्र अर्ज, यादी काही नाही, थेट 112 या आपत्कालीन क्रमांकावर फोन.

शिकवणीत त्याला भिंतीला पाठ आणि दार दिसेल असं बसवा. ‘कसा आलास?’ विचारू नका, सांगायला लागला तर ऐका. 31 डिसेंबरच्या फटाक्यांची कल्पना आधी द्या. रात्री मोबाईल काढून घ्या, असं शाळा सुचवेल. मला ते पटत नाही. काबूल हिवाळ्यात साडेतीन तास पुढे असतं, तिथल्या आजीची सकाळ म्हणजे इथली मध्यरात्र. फोन काढण्याआधी तो कोणाशी बोलतो ते विचारा आणि जमलं तर त्या फोनची वेळ संध्याकाळवर आणा.