ड्यूक–नॉर्थ कॅरोलायना सामन्यात फॉर्म नाही, खुन्नस चालते, हे खरं का? सामन्याआधी काय बघून जावं?

तुम्ही नॉर्थ कॅरोलायनातल्या केरी शहरात नवीन, एनबीए (अमेरिकेतली व्यावसायिक लीग) बघता, कॉलेज बास्केटबॉल कधी पाहिलं नाही. शनिवारी ऑफिसच्या मंडळींबरोबर हा सामना बघायला बसायचंय आणि त्यातल्या एकाने ठणकावून सांगितलंय की 'इथे फॉर्म-बिर्म काही नसतं, ज्याची खुन्नस जास्त तो जिंकतो'. ते खरं का, आधी काय बघून जावं आणि जिंकणार कोण, हा तुमचा प्रश्न.

ते खरं नाही. या वाक्यावर मी इतकी वर्षं वाद घालतोय की उत्तर जरा लांबणार आहे, सांभाळून घ्या.

खुन्नस आहेच. ड्यूकचं डरहॅम ते कॅरोलायनाचं चॅपल हिल हे अंतर जेमतेम पंधरा-सोळा किलोमीटर, पहिला सामना १९२० सालचा, १९५३ पासून दोघंही एसीसी या एकाच कॉन्फरन्समध्ये, म्हणजे कॉलेजांच्या गटात. एकमेकांना पाण्यात पाहणं ही तिथली घराण्याची रीत आहे. पण ती खुन्नस दोन्ही पारड्यांत सारखीच पडते, त्यामुळे काटा जागचा हलत नाही. मग दुबळा संघ अधूनमधून जिंकतो कसा? कारण अगदी रुक्ष आहे. कॉलेजात वीस-वीस मिनिटांचे दोन हाफ आणि ३० सेकंदांचं शॉट क्लॉक (तेवढ्या वेळात शॉट टाकायलाच हवा). एनबीएत एका संघाला शंभरेक पझेशन (चेंडू हातात येऊन आक्रमण करायच्या पाळ्या) मिळतात, इथे सरासरी ६७-६८. पझेशन कमी म्हणजे नशिबाला वाव जास्त. ३४ टक्क्यांनी थ्री (लांबून टाकलेला तीन गुणांचा शॉट) मारणाऱ्या संघाने २५ थ्री टाकले तर साडेआठ पडायला हवेत, पण काहीही वेगळं न घडता ते सहा पडू शकतात किंवा अकरा. म्हणजे सात-साडेसात गुण इकडचे तिकडे, नुसत्या रिमच्या (बास्केटच्या कड्याच्या) मर्जीवर. दुसऱ्या दिवशी लोक त्याला 'जिद्द' म्हणतात.

२०२२ सालचंच घ्या, कारण खुन्नसवाले कायम तेच उदाहरण तोंडावर फेकतात. ५ फेब्रुवारीला ड्यूकने चॅपल हिलमध्ये जाऊन कॅरोलायनाला ८७–६७ धुतलं. ए. जे. ग्रिफिनचे एकट्याचे २७. महिन्याने, ५ मार्चला, परतीचा सामना ड्यूकच्या कॅमेरॉन इनडोअरमध्ये आणि तोही त्यांचे प्रशिक्षक माइक शशेव्स्की यांचा ४२ मोसमांनंतरचा घरच्या मैदानावरचा शेवटचा. जुने खेळाडू झाडून हजर, निरोपाची सगळी तयारी झालेली. सामन्याआधी जो तो त्या वीस गुणांच्या फरकाचा हवाला देत होता. हाफटाइमला ड्यूक ४१–३९ पुढे. दुसऱ्या हाफमध्ये कॅरोलायनाने ५५ गुण काढले आणि सामना ९४–८१ असा नेला. आर्मांडो बॅकॉट २३, केलेब लव्ह २२, आर. जे. डेव्हिस २१, ब्रेडी मॅनेक २०. एकाच संघाचे चौघं विशीत किंवा विशीच्या वर!

आता भावनेचा हिशेब केला तर त्या रात्री ती सगळी ड्यूकच्या बाजूला होती. त्यांच्या गुरुजींचा निरोप होता, कॅरोलायनाच्या नव्हे. तरी हरले ते. महत्त्वाचं हे की मॅनेकसारखा बाहेरून थ्री मारणारा उंच फॉरवर्ड आणि आत बॅकॉट, अशी जोडी असली की समोरच्या दोन्ही उंच खेळाडूंना रिमपाशी ठाण मांडता येत नाही. एकाला बाहेर यावंच लागतं आणि मधे ड्राइव्हसाठी, म्हणजे चेंडू घेऊन रिमकडे घुसायला, वाट मोकळी होते. ही जुळवाजुळव फेब्रुवारीतही तशीच होती, त्या दिवशी फळली नाही एवढंच. एका सामन्यातला वीस गुणांचा फरक हा पुढच्या सामन्याचा अंदाज नसतो.

मग २ एप्रिलला न्यू ऑर्लिन्समध्ये फायनल फोर, म्हणजे देशभरातल्या कॉलेजांच्या स्पर्धेची उपांत्य फेरी. या एनसीएए स्पर्धेत दोघं पहिल्यांदाच समोरासमोर. कॅरोलायना ८१–७७. लव्हचे २८ गुण, बॅकॉटचे घोटा मुरगळूनही २१ रिबाउंड (हुकलेल्या शॉटचे पकडलेले चेंडू). सगळ्यांच्या लक्षात आहे तो लव्हचा शेवटच्या अर्ध्या मिनिटातला थ्री. माझ्या मते सामना त्याच्या वीसेक सेकंद आधी फिरला. ड्यूक एका गुणाने मागे, ४६.७ सेकंद बाकी, मार्क विल्यम्स फ्री थ्रोच्या (फाउलबद्दल मिळणारा एका गुणाचा मोकळा शॉट) रेषेवर, आणि दोन्ही हुकले. 'प्रेशर!' असं तुमचा सहकारी म्हणेल. विल्यम्स मोसमभर दहातले सात टाकणारा. अशा खेळाडूचे लागोपाठ दोन हुकण्याची शक्यता ०.३ गुणिले ०.३, म्हणजे शंभरात नऊ वेळा. दुर्मीळ नव्हे, भूतबाधा तर नव्हेच.

तर माझं म्हणणं सरळ आहे: या दोन संघांचा सामना समजून घ्यायचा तर स्टारची नावं पाठ करू नका, फाउल आणि फ्री थ्रो बघा. ८ फेब्रुवारी २०२०, चॅपल हिल. कॅरोलायनाने ३८ पैकी २१च फ्री थ्रो टाकले, म्हणजे १७ गुण रेषेवर सोडून दिले. तरी शेवटी तीनने पुढे. ४.४ सेकंद बाकी असताना ड्यूकचा ट्रे जोन्स रेषेवर आला. पहिला टाकला, दुसरा मुद्दाम हुकवला. चेंडू रिमवर आपटून लांब उडाला, त्यानेच तो गाठला आणि भोंग्याबरोबर बास्केट केली. ओव्हरटाइममध्ये ड्यूक ९८–९६.

मुद्दाम हुकवणं वाटतं तितकं सोपं नसतं. चेंडू रिमला लागलाच पाहिजे, नाहीतर व्हायोलेशन होऊन चेंडू समोरच्याकडे जातो. टाकणाऱ्याला चेंडू रिमला लागेपर्यंत रेषा ओलांडता येत नाही. लेनच्या (रेषेपासून रिमपर्यंतच्या पट्ट्याच्या) कडेला चार बचाववाले आणि दोनच आक्रमणवाले उभे राहू शकतात, रिमलगतच्या दोन्ही जागा बचावाच्या. म्हणून चेंडू जोरात, सपाट आणि रिमच्या पुढच्या कडेवर मारायचा, तो सगळ्यांच्या डोक्यावरून मागे उडावा असा. बचाव करणाऱ्यांची ठरलेली चूक एकच: पाची जण रिमकडे बघत राहतात आणि टाकणाऱ्याला पाठ लावून अडवायचं काम कुणाचंच नसतं.

आणि १४ मार्च २०२५, शार्लटमधली एसीसी सेमीफायनल. ड्यूकचा कूपर फ्लॅग घोट्याच्या दुखापतीने बाहेर, तरी ड्यूक २४ गुणांनी पुढे गेलेलं, तिथून कॅरोलायना ओढत ओढत एका गुणाच्या फरकापर्यंत आली. ४.१ सेकंद बाकी, बरोबरीचा फ्री थ्रो जाळीत पडलाही, पण कॅरोलायनाच्याच एका खेळाडूचा पाय चेंडू हातातून सुटायच्या आधी लेनमध्ये. आक्रमणवाल्याने लेन मोडली की पडलेला गुण रद्द. ड्यूक ७४–७१. यात खुन्नस कुठे बसवायची ते मला कुणीतरी सांगा.

आता काय बघून जायचं ते.

आधी पझेशन. गुणांची नुसती सरासरी बघणं म्हणजे षटकं न विचारता धावा विचारण्यासारखं. सूत्र असं: टाकलेले शॉट वजा ऑफेन्सिव्ह रिबाउंड (आपल्याच हुकलेल्या शॉटचे) अधिक टर्नओव्हर (शॉट न टाकताच गमावलेले चेंडू) अधिक फ्री थ्रोच्या ०.४७५ पट. हिशेबापुरते आकडे धरा: ६० शॉट, १० ऑफेन्सिव्ह रिबाउंड, १२ टर्नओव्हर, २० फ्री थ्रो. ६० – १० + १२ + ९.५, म्हणजे ७१.५ पझेशन. त्यात ७८ गुण झाले तर शंभर पझेशनला १०९. केन पोमेरॉय यांच्या केनपॉम या वेबसाइटवर हेच आकडे प्रतिस्पर्ध्याच्या ताकदीप्रमाणे दुरुस्त करून मिळतात, हाताने करायची गरज नाही.

त्यावरून अंदाज असा बांधायचा. समजा शंभर पझेशनला 'अ'चं आक्रमण ११८ (काढलेले गुण), 'ब'चा बचाव ९८ (दिलेले गुण), देशाची सरासरी १०५. मग 'अ'कडून अपेक्षा ११८ + ९८ – १०५ = १११. उलट बाजूने 'ब'चं आक्रमण ११२, 'अ'चा बचाव ९४, म्हणजे १०१. शंभर पझेशनला दहाचा फरक. सामना ६९ पझेशनचा धरला तर सात. 'ब'च्या घरी असेल तर तीन वजा करा, उरले चार. एका सामन्यात अंदाज दहा-अकरा गुणांनी सहज चुकतो, म्हणून चार गुणांची आघाडी म्हणजे दहातून सहा-साडेसहा वेळा 'अ'. बस, याहून जास्त खात्रीने बोलणारा थापा मारतोय.

घरच्या मैदानाचे तीनच धरा. कॅमेरॉन ९,३१४ खुर्च्यांचं, विद्यार्थी मैदानाच्या कडेला चिकटून, कानठळ्या बसतात हे मान्य, पण लोक त्याचे मनातल्या मनात दहा गुण धरतात. २०१९, २०२२, २०२४, तिन्ही वर्षी कॅरोलायना तिथे जिंकून गेली. चॅपल हिलचं डीन डोम २१,७५० चं, त्यालाही तीनच.

मग रिबाउंड आणि टर्नओव्हर, पण टक्केवारीत, आकड्यात नाही. समोरचा संघ थ्री किती टक्क्यांनी मारतो, हे 'उत्तम बचाव' म्हणून छापून येतं, त्याकडे साफ दुर्लक्ष करा, त्यात नशीबच जास्त. बचाव समोरच्याला थ्री किती टाकू देतो, हे बघा. ते खरंच बचावाच्या हातात असतं.

एनबीए बघणारे इथे फसतात ते मुख्यतः फाउलमध्ये. सहा नाही, पाच फाउलला खेळाडू बाहेर. बरेच प्रशिक्षक पहिल्या हाफमध्ये दोन फाउल झाले की सेंटरला बाकावर बसवतात, म्हणून पहिल्या सहा-सात मिनिटांत कुणाचे दोन झाले ते टिपून ठेवा. हाफमध्ये संघाचे सात फाउल झाले की समोरचा बोनसमध्ये जातो, त्याला वन-अँड-वन: पहिला पडला तरच दुसरा. दहाव्यापासून सरळ दोन. ७० टक्केवाल्याला वन-अँड-वन म्हणजे सरासरी १.१९ गुण, दोन सरळ मिळाले तर १.४. ५० टक्केवाल्याला वन-अँड-वन दिला तर ०.७५च, साध्या पझेशनहूनही स्वस्त. म्हणून शेवटच्या दोन मिनिटांत सगळे एकाच बिचाऱ्याच्या मागे धावताना दिसतील. शिवाय कॉलेजात बचावाला तीन सेकंदांचा नियम नाही, सेंटर रिमखाली तळ ठोकून बसू शकतो. एनबीएत सहज दिसणारा ड्राइव्ह इथे भिंतीवर आपटतो.

कोण खेळणार ते सामन्याच्या दिवशीच नक्की करा. २०१९ मध्ये ड्यूकच्या झायन विल्यम्सनचा बूट पहिल्याच मिनिटात फाटला आणि कॅरोलायना ८८–७२ जिंकली, तर फ्लॅगशिवाय ड्यूक जिंकलं ते वर सांगितलंच. एक माणूस म्हणजे संघ नव्हे, पण अंदाज दोन-चार गुणांनी हलवायला पुरतो.

जिंकणार कोण? वरच्या हिशेबात ताजे आकडे घाला, जो पुढे येईल तो, आणि तो दहातून साडेतीन-चार वेळा हरेलच. 'गेल्या दहा सामन्यांत अमुक' हे मात्र काढूच नका. ट्रान्स्फर आणि एका वर्षात एनबीए गाठणारी पोरं यांमुळे संघ दर वर्षी निम्मा नवा असतो. मॅनेकसुद्धा ओक्लाहोमाहून आला होता.

थोडं माझ्याही विरुद्ध सांगतो. मोसमाच्या सुरुवातीला केनपॉमच्या आकड्यांत गेल्या वर्षाचं पाणी मिसळलेलं असतं, फेब्रुवारीनंतरच ते खरे मानावेत. फ्री थ्रोने फिरलेले तीन शेवट मी निवडून सांगितले, हेही खरं. आणि नॉर्थ कॅरोलायनात मार्च २०२४ पासून फोनवरून बेटिंग कायदेशीर आहे म्हणून माझ्या सूत्रावर पैसे लावू नका, बुकीकडे हेच सूत्र याहून बारीक केलेलं असतं.

आकाशी शर्ट कॅरोलायनाचा, गडद निळा ड्यूकचा. लाल घालून आलेला एनसी स्टेट या शेजारच्या विद्यापीठाचा, तो दोघांच्याही हरण्याची वाट बघत असतो.

हाफटाइमला त्या सहकाऱ्याला एवढंच विचारा: बोनसमध्ये आधी कोण गेलं, आणि दोन फाउल घेऊन बाकावर कोण बसलंय? त्याला सांगता आलं नाही तर दुसऱ्या हाफमध्ये त्याच्या शेजारची खुर्ची बदलून घ्या.