रांगेतली तारीख

"मॅडम, एच-वन-बी गेल्यातच जमा आहे. कॅनडा, जर्मनी की आयर्लंड? एकच नाव सांगा." परदेशात नोकरी करणाऱ्यांना मी सल्ला देते, आणि अमेरिकेत एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसावर असलेल्यांची अशी मेल आठवड्याला एक-दोन तरी येते. एकच नाव मी सांगत नाही, आणि लोक नाराज होतात. का सांगत नाही, ते २०२५ च्या अखेरीस आलेल्या एका जोडप्यावरून सांगते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

तो ४१ वर्षांचा, अमेरिकेत अकरा वर्षं, सॉफ्टवेअरमध्ये बॅकएंडचं काम. ती ३८ वर्षांची, डेटा ॲनालिस्ट. तिची कामाची परवानगी त्याच्या व्हिसाला टांगलेली. मुलगी १४ वर्षांची. त्याची नोकरी कपातीत गेली आणि कामाच्या शेवटच्या दिवसापासून ६० दिवसांचं घड्याळ सुरू झालं: तेवढ्यात नवी नोकरी किंवा दुसरा व्हिसा, नाहीतर देश सोडायचा. माझ्यासमोर बसले तेव्हा बारावा दिवस होता.

व्हिडिओ कॉल जोडल्या जोडल्या त्यानं एक्सेल शीट दाखवली. नऊ देश, चौदा रकाने, हिरवा-पिवळा-लाल रंग. पगार, टॅक्स, पीआरला (कायमच्या वास्तव्याला) लागणारे महिने, अगदी हवामानसुद्धा. मी विचारलं, "यात मिसेसच्या कामाचा रकाना कुठे आहे?" तो शीट सरकवत उजवीकडे गेला, परत डावीकडे आला. रकाना नव्हताच. ती कडेला अर्धीच दिसत होती. तिनं फक्त खुर्ची थोडी पुढे ओढली.

शीट बाजूला ठेवायला सांगितलं. अशा शीटचा मला अनुभव आहे. माणूस देश तोलतोय असं वाटतं, पण बहुतेक वेळा त्याचा पाय आधीच कुठेतरी अडकलेला असतो. याचा कुठे अडकलाय, ते काढायचं होतं. "अमेरिका सोडायची म्हटलं की पहिलं काय डोळ्यासमोर येतं?" असं विचारल्यावर बराच वेळ गेला. मग तो उठला आणि प्लास्टिकच्या पाकिटातला एक कागद घेऊन आला. ग्रीन कार्डच्या अर्जाची, म्हणजे आय-१४० ची मंजुरी. रांगेतली तारीख, म्हणजे ग्रीन कार्डसाठी नंबर लावला तो दिवस, २०१६ ची. "नऊ वर्षं या रांगेत उभा आहे मॅडम. आता सोडून जाऊ?"

इथे मला दोन गोष्टी सांगाव्या लागल्या. पहिली दिलाशाची. आय-१४० एकदा मंजूर झाला, आणि ती मंजुरी फसवणूक किंवा चूक म्हणून रद्द झाली नाही, तर ती तारीख माणसाची राहते. नोकरी गेली, देश सुटला, तरी पुढे कुणी नवा अर्ज केला तर जुनीच तारीख लागू करता येते. (मी वकील नाही. हे त्यांनी वकिलाकडून पक्कं करून घेतलं, आणि तुम्हीही घ्या.) दुसरी गोष्ट कडू. नोकरीवर आधारलेली ग्रीन कार्डं वर्षाला साधारण १ लाख ४० हजार, आणि एका देशात जन्मलेल्यांना त्यातला ७ टक्क्यांच्या आसपासचा वाटा. त्याच्या ईबी-टू या उच्चशिक्षितांच्या वर्गात २०२५ संपताना भारताची रांग २०१३ मध्येच रेंगाळत होती, म्हणजे २०१३ ची तारीख असलेल्यांचाच नंबर लागत होता.

तेव्हा ती पहिल्यांदा बोलली. "अरे, ही रांग आपली आहे. तिची नाही."

एच-फोरवरची, म्हणजे एच-वन-बीवाल्याच्या कुटुंबाच्या व्हिसावरची मुलगी २१ वर्षांची झाली की त्या व्हिसातून बाहेर पडते. सात वर्षं उरली होती. हे त्याला ठाऊक नव्हतं असं नाही, पण चौदा रकान्यांत कुठे लिहिलंही नव्हतं.

त्याची आणखी एक भीती होती, आणि ती मी पुसून टाकली नाही, कारण ती खरी होती. सप्टेंबर २०२५ च्या आदेशानंतर अमेरिकेबाहेरच्या उमेदवारासाठी नवा एच-वन-बी अर्ज करायचा तर कंपनीला १ लाख डॉलर मोजावे लागत होते. बाहेर पडलेल्याला परत बोलावणारी कंपनी सहज मिळणार नाही.

आता शीट पुन्हा उघडली, पण फक्त तीन ओळींसाठी. कॅनडाच्या एक्सप्रेस एंट्रीत, म्हणजे कायमच्या वास्तव्यासाठी गुणांवर होणाऱ्या निवडीत, त्यानं नोकरीच्या ऑफरचे ५० गुण धरले होते, कुठल्यातरी जुन्या व्हिडिओवरून. मार्च २०२५ पासून ते गुण मिळत नाहीत. वयाचे गुणही त्याला मारत होते: जोडीदारासह अर्ज केला तर कमाल १०० पैकी ४१ व्या वर्षी ३५. मी विचारलं, "मुख्य अर्जदार तुम्हीच का?" ३८ व्या वर्षी तिला ५५ मिळतात, इंग्रजी तिचं जास्त चांगलं आणि कामाची चार वर्षं हाताशी. तो हसला, जरा ओशाळून. मुलगीही त्या अर्जात बसत होती, कारण तिथे २२ वर्षांखालचं अविवाहित मूल अवलंबून धरतात. फक्त हे काम महिन्यांचं आहे, ६० दिवसांत उरकणारं नाही.

जर्मनीचं ब्लू कार्ड, म्हणजे उच्चशिक्षितांचा कामाचा परवाना, त्याच्या शीटमध्ये सगळ्यात हिरवं होतं. कायमच्या वास्तव्याचा परवाना २७ महिन्यांत, बी-वन पातळीचं जर्मन आलं तर २१ महिन्यांत. जोडीदाराला कामाची मोकळीक. मुलगी सहा वर्षांची असती तर मीही मान डोलावली असती. चौदाव्या वर्षी जर्मन माध्यमात टाकायचं म्हणजे त्या पोरीला विचारायला हवं, आणि तिला कुणी विचारलं नव्हतं. (विचारल्यावर ती म्हणाली, "आधी मला सांगा, आपण नक्की कधी निघतोय?" घरात कुजबुज चालते, पोरांना तारीख कळत नाही.) आयर्लंडमध्ये क्रिटिकल स्किल्सच्या (टंचाई असलेल्या कौशल्यांच्या) कामाच्या परमिटवर जोडीदाराला वेगळं परमिट न काढता काम करता येतं, शाळा इंग्रजीत. त्यासाठी ऑफर मात्र आधी हवी, आणि डब्लिनमध्ये भाड्याचं घर मिळवणं हीच एक नोकरी आहे.

नोकरी शाबूत असताना आले असते तर पहिला प्रश्न वेगळा विचारला असता: कंपनीचं ऑफिस टोरोंटोत, डब्लिनमध्ये, आणखी कुठे आहे का? बदली मागायला लाज कसली? नोकरी गेल्यावर ते दार बंद होतं. व्हिसाची धाकधूक असलेल्या प्रत्येकाला मी हे आजच विचारायला लावते.

पन्नासाव्या दिवशी ते मायदेशी परतले. तिच्या नावानं एक्सप्रेस एंट्रीची प्रोफाइल भरली, आणि तो आयर्लंडमधल्या मुलाखती रात्रीचे जेवणखाण उरकून देत राहिला. पहिल्या दोन हुकल्या, त्यावर आम्ही दोन वेगळी सत्रं घेतली. "हरून आलो" हा शब्द त्याच्या तोंडून जाईना. तिसऱ्या ठिकाणी ऑफर आली. कॅनडाची प्रोफाइल तिनं तरीही बंद केलेली नाही.

शेवटच्या कॉलला मी आय-१४० बद्दल विचारलं. कागद त्याच पाकिटात आहे म्हणाला. "आधी पासपोर्टच्या वर ठेवायचो. आता खाली असतो."