आधी त्याच्या वाटेनं चाल

चिरंजीवास, सप्रेम सलाम.

पत्र पोचलं. मित्र चर्चमध्ये उपासनेला येत नाही, तू रोज सकाळी व्हॉट्सॲपवर त्याला बायबलचं वचन पाठवतोस, निळ्या खुणा उमटतात, उत्तर येत नाही. आणि आता तुला प्रश्न पडलाय की कोणतं वचन पाठवलं म्हणजे तो हलेल. कुठलंच नाही. पाठवणं आजपासून बंद कर. वचनं त्याला तुझ्याइतकीच पाठ आहेत. संडे स्कूलची बक्षिसं तोच तर न्यायचा.

तू त्याच्यासाठी प्रार्थना करतोस हे लिहायची गरज नव्हती, ते मी धरूनच चालतो. माझं विचारणं वेगळं आहे. गेल्या गणपतीत तो डबलबारीला, त्या दोन भजनी मंडळांच्या सामन्याला, पखवाज वाजवत होता तेव्हा तू कुठे होतास? तूच लिहिलंयस की उपासनेत तबल्यावर बसणारा तो भजनी मंडळात रमला, त्यावरून मंडळीत, म्हणजे आपल्या चर्चमध्ये, त्याला सगळ्यांदेखत बोल लावले गेले आणि त्यानंतर तो आलाच नाही. मग ज्याला त्याच्या वाजवण्यावरून दुखावलं, त्याचं वाजवणं ऐकायला आपल्यातलं एक तरी माणूस गेलं का? रात्र रात्र बारी चालते, बुवा एकमेकांना चिमटे काढतात, मध्ये चहा होतो. जा, बस तिथं. तेवढ्यानं तुझा विश्वास डळमळत असेल तर आधी स्वतःकडे बघ, मित्राचं नंतर.

आधी त्याच्या वाटेनं चाल. मला सांगायचंय ते एवढंच, बाकी पत्र वाचलं नाहीस तरी चालेल.

हे माझ्या पदरचं नाही. बायबलातल्या लूकच्या शुभवर्तमानाचा चोविसावा अध्याय काढ. पुनरुत्थानाच्या दिवशी येशूचे दोघे शिष्य यरुशलेम सोडून अम्माऊसकडे निघाले होते. साठ स्टाडिया, म्हणजे अकराएक किलोमीटर. मंडळी मागे, तोंडं उलट दिशेला. प्रभू त्यांच्यासोबत चालू लागला तो त्याच उलट दिशेला. ‘मागे फिरा’ असं म्हणाला नाही. वाटेत कसलं बोलणं चाललंय, एवढंच विचारलं आणि त्या दोघांतल्या क्लयपाचं सगळं गाऱ्हाणं ऐकून घेतलं. नंतर त्यांना निर्बुद्ध म्हणाला, शास्त्रही उलगडून सांगितलं, ते मी लपवत नाही, पण ऐकून झाल्यावर. गाव आल्यावर तर तो पुढे निघाल्यासारखं करतो. राहण्याचा आग्रह त्यांनी केला. भाकर मोडताना ओळख पटली आणि त्याच रात्री ते आपण होऊन यरुशलेमेला परतले. आपल्या मंडळीत कुणी असा उलट दिशेला चालला तर पहिल्या फर्लांगावरच त्याला विचारतील, तू नक्की कुणाच्या बाजूचा?

माझ्या एका मित्राचं सांगतो. त्यानं बाहेरच्या मुलीशी लग्न केलं, तेव्हा मंडळीच्या पंचांनी यादीतून त्याचं नाव उडवलं. मंडळी कुठली ते लिहीत नाही. तो आपल्या काजूच्या बागेतच रमला. हंगामात मी रविवारी उपासना आटोपून त्याच्याकडे जायचो. पहिल्यांदा गेलो तर संशयानं म्हणाला, “माका चर्चात न्हेवक इलंस काय?” मी म्हटलं, “नाय, काजी वेचूक इलंय.” आणि खरंच वेचल्या. चीक लागून बोटांची सालं निघाली. धर्माचा शब्द मी काढला नाही, त्या हंगामात नाही आणि पुढच्याही नाही. इकडे मंडळीत माझ्याबद्दल बोलणं सुरू झालं, की हा साक्ष द्यायला कचरतो. कचरत नव्हतो. गळाला आमिष लावतात तशी मैत्री लावायची नव्हती, आणि तसं केलं असतं तर बागेच्या बेड्यापाशीच, फाटकातच, त्याला ते कळलं असतं.

पुढे एका उत्तम शुक्रवारी, गुड फ्रायडेला, तो आपणहून आला. दारात एकानं हसत विचारलं, “वाट चुकलंस काय रे?” तो तसाच मागे फिरला. पुन्हा काजू, पुन्हा तेच. तू अधीर होतोस म्हणून सांगतो, मलाही त्या माणसाच्या थोबाडीत द्यावीशी वाटली होती. मित्राची आई मला विचारायची, “बोललंस काय तेच्याशी?” मी म्हणायचो, रोज बोलतो की. मुलगा बाकावर बसलेला पाहायला ती राहिली नाही. ती रुखरुख जात नाही. पण घाई केली असती तर तो तिच्या मयतीच्या प्रार्थनेलाही उभा राहिला नसता, आणि तो राहिला. आता तो अधूनमधून येतो, प्रभुभोजन घेत नाही. पंच विचारतात, मग साधलं काय? विचारू देत.

आपल्या मंडळ्या लहान. मिशनच्या काळापासून तीच घरं, त्यामुळे एक जागा रिकामी झाली की सगळ्यांना दिसते. डोकी मोजायची खोड आपल्याला त्यातूनच लागली. तू मोजू नकोस.

आणि ‘किती वर्षं?’ हे मला विचारूच नकोस. ख्रिस्ती कवी नारायण वामन टिळक आपल्याच रत्नागिरी जिल्ह्यातल्या करजगावचे. त्यांचा बाप्तिस्मा १८९५ मध्ये मुंबईत झाला, त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंचा १९०० साली. मधल्या काळात ताटातूट झाली, मग नवऱ्याच्या घरी येऊनही बाईंनी आपलं सोवळं सोडलं नव्हतं. टिळक काही शांत प्रकृतीचे नव्हते, चांगले तापट होते. तरी बायकोचा निर्णय त्यांनी बायकोकडे राहू दिला. तुझं वय काय आणि तू थांबलास किती?

सत्य मग सांगायचं कधी, असं तू विचारतोस. तो विचारील तेव्हा. त्याआधी सांगितलंस तर ते तुझ्या समाधानासाठी असेल.

नाताळला तो येईल असं त्याची बहीण म्हणते. आलाच तर दारात दुसरं कुणी काही बोलायच्या आत तू बाहेर जाऊन उभा राहा. मागच्या बाकावर बसला तर बसू दे, शेजारी बस. गीतांचं पुस्तक उघडून हातात देऊ नकोस. तबल्याकडे बघून त्याला खूण करू नकोस. उपासना सुटल्यावर तो लगेच निघाला तर तूही त्याच्याबरोबर नीघ, चहा-करंज्या राहिल्या तर राहिल्या.

तुझा,
काका